नांदूरमध्यमेश्वरला जाताय? आधी बंधाऱ्यातलं पाणी विचारा

कडवाकाठ
दिवाळी झाली की ओळखीच्यातले सगळे एकच विचारतात, फ्लेमिंगो आले का. मी नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलाच त्यामुळे फोन मलाच येतात. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो, ज्यांना जास्त माहितीये त्यांनी भर घाला.

नांदूरमध्यमेश्वर हा काही निसर्गात आपोआप झालेला तलाव नाही. गोदावरी आणि कडवा या नद्या जिथे मिळतात तिथे इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा आहे, त्याच्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात आणि ते पाणी निफाड, येवला, कोपरगाव, राहाता असं खाली शेतीला जातं. शंभर वर्षांत दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्याच्या मागे बसत गेला, त्याची बेटं झाली, कडेला उथळ पाणी राहिलं, त्यात पाणवनस्पती वाढल्या, मासे, गोगलगाई, किडे आले आणि मग ते खायला पक्षी. १९८६ ला अभयारण्य जाहीर झालं, साधारण १०० चौरस किलोमीटरचं, पण एवढं सगळं पाणी आहे असं समजू नका, त्यात गावं आहेत, ऊस आहे, गहू आहे, कांदा आहे. २०२० च्या जानेवारीत महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. त्या यादीतलं क्षेत्र १४३७ हेक्टर, म्हणजे मुख्यतः पाणथळ भाग.

आता मुद्द्याचं. लोक तारीख विचारतात, डिसेंबरचा दुसरा शनिवार बरा की जानेवारीचा. तारखेपेक्षा पाण्याची पातळी विचारा. वरून गंगापूर, दारणा या धरणांतून आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की बंधारा भरतो आणि चिखलाची बेटं पाण्याखाली जातात. शेकाट्या, तुतवार, शराटी, चमचा, फ्लेमिंगो हे सगळे उथळ पाण्यात किंवा चिखलात चोच घालून खाणारे, त्यांच्या पायाला जमीन लागली नाही तर ते उठून दुसरीकडे जातात, कुणी वरच्या पाणथळीत कुणी शेतात. चार दिवसांनी पाणी उतरलं की परत. त्यामुळे एक मित्र रविवारी जाऊन येतो आणि म्हणतो काहीच नव्हतं, आणि दुसरा त्याच आठवड्यात गुरुवारी जाऊन म्हणतो डोळ्यांचं पारणं फिटलं. दोघंही खरं सांगतायत. निघायच्या आधी पाण्याकाठच्या चापडगावच्या गाईड मुलांपैकी कुणाला तरी फोन करा आणि पाणी किती आहे एवढंच विचारा.

सुगरण_निफाड
खूप छान लिहिलंत दादा. मला प्रॅक्टिकल विचारायचंय, सोबत आठ वर्षांची मुलगी आणि सासूबाई आहेत, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, चालणं किती आहे? आणि खायला तिथे काही मिळतं का?

कडवाकाठ
ताई, नाशिकहून साधारण ४० किलोमीटर, चांदोरी सायखेडा करून येता येतं, रेल्वेने यायचं तर निफाड स्टेशन जवळ. चापडगावला गाडी लावून पाण्याकडेने चालत पक्षी बघायच्या मनोऱ्यांपर्यंत जायचं असतं, वाट सपाट आहे. सासूबाईंना मनोऱ्याचा जिना चढायला सांगू नका, खालूनही बरंच दिसतं. एक फोल्डिंगची खुर्ची घेऊन या, एका जागी बसून राहणाऱ्याला फिरणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं. सूर्य उगवताना तिथे हजर पाहिजे, म्हणजे घरून अंधारात निघायला लागेल. निफाडची थंडी हलक्यात घेऊ नका, राज्यातलं सगळ्यात कमी तापमान कित्येकदा आमच्याकडेच नोंदलं जातं, मुलीला कानटोपी आणि हातमोजे घालाच. खायचं घरून आणा आणि कागद, पिशव्या परत घेऊन जा.

थापट्या
माझा आयडी बघून कळलं असेल की मला बदकं आवडतात. थापट्या म्हणजे ती फावड्यासारख्या पसरट चोचीची, पाण्याच्या वरच्या थरातून चोच फिरवत गाळून खातात, बरेचदा आठ दहा जण गोल गोल फिरून खालचं खाणं वर ढवळतात, हे बघत बसलं की तास जातो. सोबत तलवार बदक, चक्रवाक, गढवाल, भुवई बदक. चक्रवाक लांबून ओळखायला सगळ्यात सोपं, नारिंगी रंग आणि आवाज मोठा. पट्टकादंब हंस दिसले तर मुलीला जरूर सांगा की हा पक्षी तिबेट मंगोलियाकडून हिमालय ओलांडून आलाय. क्रौंच येतात ते बऱ्याचदा पाण्यापेक्षा आजूबाजूच्या शेतात सापडतात, सकाळी चरायला हरभऱ्याच्या गव्हाच्या रानात आणि रात्री उथळ पाण्यात उभं राहायला परत.

नवीन लोकांना एक विनंती, फक्त फ्लेमिंगोसाठी येऊ नका. त्यांची संख्या दर वर्षी वेगळी, कधी मोठा थवा तर कधी मोजके. जांभळी पाणकोंबडी वर्षभर आहे, इतका सुंदर निळा जांभळा रंग आणि लाल चोच, पायात देठ धरून माणसासारखी उचलून खाते. कमळपक्षी पानांवरून चालतो, आणि त्याच्यात अंडी उबवण्याचं आणि पिल्लं सांभाळण्याचं काम नर करतो. दलदलीवरून मार्श हॅरियर हा शिकारी पक्षी कमी उंचीवरून उडत आला की अख्खं पाणी एकदम उठतं, हजारो पंखांचा आवाज येतो. दुर्बीण ८ बाय ४० किंवा १० बाय ५० बस झाली. मोठा कॅमेरा नसेल तर काही बिघडत नाही.

गोदामाय
सगळं वाचलं. मी सायखेड्याची. गाळामुळे पक्षी आले हे बरोबर असेल पण त्याच गाळामुळे आमच्याकडे काय होतं तेही लिहा की. २०१६ ला आणि २०१९ ला चांदोरी सायखेड्यात पाणी शिरलं, बाजारपेठ पाण्यात, लोकांना बोटीने काढावं लागलं. गावात सगळे म्हणतात बंधाऱ्यात गाळ भरलाय म्हणून पाण्याला फुगवटा येतो, म्हणजे पाणी मागे तुंबतं, आणि तो आमच्या दारात येतो. शिवाय नाशिक शहराचं सांडपाणी नदीत, त्यावर पानवेली (जलपर्णी) माजतात, पुरात ती सगळी वाहून आमच्या पुलाला अडकते. पर्यटक हिवाळ्यात येऊन फोटो काढून जातात, पावसाळ्यात इथे कोण येतं?

कडवाकाठ
ताई तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त आहे आणि या धाग्यात ते यायलाच हवं होतं. पुराचं दुखणं खरं आहे, पानवेलीचंही. जुन्या पाटकरी काकांना विनंती की त्यांनी लिहावं, त्यांची सगळी नोकरी कालव्यावरच झाली.

जुना_पाटकरी
मला फार टाईप करता येत नाही, नातू लिहून देतोय. गाळ सगळा काढा म्हणणारे आणि गाळाला हात लावू नका म्हणणारे दोघांनी आधी नदी बघावी. फुगवटा फक्त गाळाने येत नाही. वरून किती क्युसेक सोडलं, खाली दारं किती वेळेत उघडली, मध्ये पात्रात किती अतिक्रमण झालं, बाभळी किती वाढल्या, पुलाच्या कमानीत पानवेल किती अडकली, हे सगळं मिळून पूर येतो. नदीच्या मुख्य धारेतला गाळ आणि बाभळी काढल्या तर पाणी निघून जायला वाट मिळते. कडेची उथळ पाणथळ मात्र वेगळी गोष्ट, तिथे पक्षी बसतो आणि तिथलं पाणी पुरात तसंही पसरून हळू होतं. दोन्ही एकाच जेसीबीने खणायचं नसतं. कुठे काढायचा, कुठे ठेवायचा, कोणत्या महिन्यात काढायचा हे वनविभाग, पाटबंधारे आणि गावकरी एका टेबलावर बसले तरच ठरेल. आम्ही दारं उघडायचो तेव्हा आम्हाला कुणी पक्षी म्हणून काही सांगितलं नव्हतं, हिवाळ्यात पाणी एकदम न सोडता थोडं थोडं सोडलं तर शेतीचंही भागतं आणि बेटंही एका रात्रीत बुडत नाहीत, एवढं मी बघितलेलं आहे.

गोदामाय
काका, हे पहिल्यांदा कुणी नीट समजावून सांगितलं. पानवेल पूर यायच्या आधी, उन्हाळ्यातच काढली पाहिजे हे आम्ही ग्रामपंचायतीत दर वर्षी मांडतो.

थापट्या
पानवेलीबद्दल सहमत. थोडी असली तर कमळपक्षी, पाणकोंबडी यांना बरी, पण सगळं पाणी झाकलं की खाली उजेड जात नाही, ऑक्सिजन कमी होतो, मासे मरतात आणि बदकांना उतरायला उघडं पाणीच राहत नाही. मूळ वर आहे, शहराच्या नाल्यात.

टूरिंग_नाशिककर
सगळे प्रॉब्लेम्सच सांगताय. माझं मत वेगळं. नाशिकला लोक येतात ते त्र्यंबक, पंचवटी, वणी करतात, वायनरी करतात आणि जातात. नांदूरला बोटिंग, चांगलं रिसॉर्ट, लाईट अँड साऊंड केलं तर तालुक्यात पैसा येईल. राजस्थानातलं भरतपूरचं पक्षी अभयारण्य बघा किती नाव आहे. आपल्याकडे महाराष्ट्राचं भरतपूर म्हणायचं आणि सोयी काहीच नाहीत.

कडवाकाठ
पैसा यावा हे मलाही वाटतं, पण भरतपूरचंच बघा ना, तिथे लोक सायकलवर आणि सायकल रिक्षात फिरतात, आणि रिक्षा चालवणारे पक्षी ओळखतात, तेच गाईड. तिथल्या कित्येक घरांची रोजीरोटी त्याच्यावर आहे. चापडगावात पण स्थानिक पोरं गाईड म्हणून काम करतात, त्यांना पक्ष्यांची मराठी इंग्रजी दोन्ही नावं पाठ आहेत, स्कोप (लांबचं बघायची दुर्बीण) लावून देतात. त्यांची संख्या वाढवा, गावात होमस्टे वाढू द्या, पिठलं भाकरी शेतावर मिळू द्या, पैसा थेट घरात जाईल. मोटरबोट फिरली तर विश्रांतीला बसलेला थवा दिवसातून पाच वेळा उडेल. हिवाळी पक्षी हजारो किलोमीटर उडून आलेले असतात आणि मार्च एप्रिलमध्ये परत तेवढंच उडायचं असतं, त्यासाठी लागणारी चरबी ते इथे अंगावर साठवतात. उगाच उडवलं की तेवढी ताकद वाया. आणि रात्री लाईट अँड साऊंड नको हो, रात्री क्रौंच पाण्यात उभे असतात.

टूरिंग_नाशिककर
मोटरबोट नको हे पटलं. होमस्टेला मदत करायला आवडेल, आमचं ट्रॅव्हलचं काम आहे, गावातल्या कुणाशी बोलू ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

सह्यवारा
बाकी सगळं वाचत होतो, लाईटचा विषय निघाला म्हणून लिहितो. भंडारदऱ्याच्या काजव्यांचं काय चाललंय ते बघून मन विषण्ण होतं. कळसूबाई हरिश्चंद्रगड अभयारण्य जिल्ह्याने अहिल्यानगरचं पण जाणारे निम्मे आपण नाशिकचे, म्हणून इथे बोलणं आपलं काम आहे. मे अखेर ते जूनचा पहिला पाऊस एवढाच काजव्यांचा काळ, घाटघर, साम्रद, रतनवाडी भागात हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर लाखो काजवे एका तालात लुकलुकतात. हा त्यांचा जोडीदार शोधायचा इशारा आहे, नर चमकतो आणि मादी उत्तर देते, तेवढ्या काही रात्रींत ते जमलं नाही तर पुढच्या पिढीचा प्रश्न. आणि आपण काय करतो, शनिवारी शेंडी गावापासून गाड्यांची रांग, हेडलाईट चालू, झाडाखाली जाऊन मोबाईलचा टॉर्च, स्पीकर. काही जातींच्या माद्या गवतात खालीच असतात, त्यांच्यावर पाय पडतो. अळ्या पालापाचोळ्यात गोगलगाई खाऊन वाढतात, तिथेच तंबू ठोकतात. वनविभागाने नाक्यावर वेळेचं आणि गाड्यांचं बंधन घातलंय ते योग्यच आहे.

जायचंच तर सोमवार ते गुरुवार जा, गाडी गावात लावा, गावातला माणूस सोबत घ्या, टॉर्चला लाल कागद लावा आणि वाटेवरूनच बघा. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, ती द्या. मोबाईलमध्ये काजवे येतच नाहीत, तो खिशातच राहू द्या.

रामशेज_पायथा
+१. शनिवार रविवारच्या गर्दीचा त्रास त्र्यंबकजवळच्या अंजनेरी डोंगरालाही आहे. हनुमान जन्मस्थान म्हणून भाविक येतात, ट्रेकर येतात, पावसाळ्यात तर पाय ठेवायला जागा नसते. वरच्या पठारावर सेरोपेजिया अंजनेरिका नावाचं कंदीलपुष्प आहे, अंजनेरीवरूनच त्याला नाव मिळालं, अतिशय दुर्मीळ. पावसाळ्यात पठारावर गवतात तुमच्या बुटाखाली काय आहे हे कळत नाही, म्हणून मळलेली वाट सोडू नका एवढंच. २०२१ च्या सुमारास वर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव होता तेव्हा नाशिकच्या बऱ्याच लोकांनी विरोध केला होता, तो याच्यासाठी.

तिथल्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं आहेत. ९० च्या दशकापासून गिधाडं कमी होत गेली त्याचं कारण जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक, मेलेलं जनावर खाल्लं की त्यांच्या किडन्या निकामी. २००६ ला जनावरांसाठी ते बंद झालं. जोडी वर्षाला एकच अंडं घालते म्हणून संख्या वाढायला वेळ लागतो. हिवाळ्यात घरटी असतात तेव्हा कड्याजवळ ड्रोन उडवू नका, रॅपलिंग तर नकोच. हरसूल बाजूला खोरीपाड्याला वनविभागाचं गिधाडांचं उपाहारगृह आहे, गावातलं मेलेलं जनावर तिथे आणून टाकतात, आदिवासी गावकऱ्यांच्या सहभागाशिवाय ते चाललंच नसतं. आपल्या गोठ्यातल्या जनावराला कोणतं दुखणं थांबवायचं औषध देताय ते डॉक्टरला विचारा, मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

येवलेकर
ममदापूर कुणीच काढलं नाही! राजापूर ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्र, २०१४ ला झालं, काळविटांसाठी. आमच्या येवल्यात पाऊस कमी, माळरान, आणि त्या माळावर काळ्या पांढऱ्या रंगाचा नर उड्या मारत निघाला की काय सांगू, बघायलाच पाहिजे. लोक माळ म्हणजे पडीक समजतात आणि झाडं लावायला येतात, पण हरणाला मोकळं गवत लागतं, चारी बाजूंनी लांबवर दिसलं तरच ते निर्धास्त चरतं. त्याच्यात लांडगा पण आहे, खोकड आहे.

उन्हाळ्यात पाणी आटलं की हरणं पाण्यासाठी वस्तीकडे, रस्त्यावर येतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, मोकाट कुत्री मागे लागतात. वनविभाग आणि गावकरी पाणवठ्यात टँकरने पाणी टाकतात. बघायला येणाऱ्यांनी गाडी माळात घालू नये, हरणामागे पळवू नये. गाडीत बसून रस्त्यावरून सकाळी शांतपणे बघा, सप्टेंबर ऑक्टोबरला गवत हिरवं असतं तेव्हा या. तेवढ्या जवळ येऊन पैठणी बघायला लोक येवल्यात येतातच, एक सकाळ इकडे द्या.

द्राक्षबाग
शेतकऱ्याच्या बाजूने दोन शब्द. माझी बाग अभयारण्याला लागून. भोरड्या पक्ष्यांचा थवा आला की द्राक्षाचे घड कोरून जातो, जाळी लावायला खर्च येतो. हरभऱ्यात क्रौंच उतरतात. आणि उसात बिबट्या. आमच्याकडे शेतीला वीज बरेचदा रात्रीची, मोटार चालू करायला रात्री बाराला बॅटरी घेऊन जायचं, तोही उसाच्या कडेने. ऊसतोडीत पिल्लं सापडतात, मग वनविभागवाले ती तिथेच खोक्यात ठेवतात आणि रात्री आई येऊन घेऊन जाते, हे आमच्या रानात डोळ्यांनी पाहिलंय. तरी मी म्हणतो पाणथळ राहिली पाहिजे, कारण हेच पाणी आमच्या विहिरींना आहे, त्यातच मासेमारी करणाऱ्यांची घरं चालतात. फक्त दिवसा वीज द्या आणि नुकसान भरपाईचा कागद चार टेबलं फिरवू नका. शहरातून येणाऱ्यांनी बांध तुडवू नये, बागेत घुसून घडाबरोबर सेल्फी काढू नये, विचारलं तर आम्ही स्वतः घड देतो.

सुगरण_निफाड
द्राक्षबाग दादा, बांधावरून जाणार नाही, नक्की. कडवाकाठ दादा, आम्ही पुढच्या आठवड्यात गुरुवारी जायचं ठरवतोय, मुलीच्या शाळेला सुट्टी आहे. गाईडचा नंबर व्यनि कराल का?

कडवाकाठ
करतो ताई. गाईडला आदल्या दिवशी परत फोन करा, कारण सध्या वरून आवर्तन सुटणार अशी चर्चा आहे. पाणी वाढलं असेल तर लगेच रद्द करू नका, उघड्या पाण्यातली बदकं दिसतीलच आणि क्रौंच कोणत्या शिवारात उतरतायत ते गाईडला माहीत असतं.

थापट्या
आणि सगळ्यांसाठी, जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, १९८७ पासून आशियाभर चालू आहे, ठरलेल्या पंधरवड्यात पाणथळींवर जाऊन मोजायचं. नवीन माणसालाही चालतं, अनुभवी माणसासोबत गट करतात, एक जण मोजतो एक लिहितो. थवा मोठा असेल तर आधी दहा मोजून तेवढी जागा डोळ्यात धरायची आणि मग तशा किती जागा भरतात ते बघायचं. ज्यांना यायचंय त्यांनी या प्रतिसादाखाली नाव टाका. गोदामाय ताई, सायखेड्याचा पूल ते बंधारा हा पट्टा मोजायला तिथलं माणूस हवंय, तुम्ही येता का?

गोदामाय
येते. पुतण्याला पण घेऊन येते, त्याला न बघता नुसत्या ओरडण्यावरून पक्षी कळतो. माझं नाव लिहा.